व्हय म्हाराजा आणि कॉलऱ्याची सुई

अठ्ठावन्न सालच्या जत्रेआधी आरोग्य निरीक्षक गुरुदास तेंडोलकरांनी देवळासमोर सिनेमाचा पडदा बांधून घेतला, तेव्हाच त्यांना आपली नोकरी कायम झाल्यासारखी वाटली. जत्रेआधी सगळ्या वाडीने कॉलऱ्याची सुई घेतली तर कायम करतो, असा मोठ्या साहेबांचा शब्द होता. आणि सिनेमाला तर पार तारकर्लीपासून माणसं लोटली होती.

आधी गावचे मानकरी धोंडू गावकर यांनी रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक मागणीला लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. मग पडद्यावर माश्या, घाण विहीर, उलट्या सगळं यथासांग दिसलं आणि तेंडोलकर हात जोडून भाषणाला उभे राहिले.

"पाणी उकळून पिऊया," ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा."

"उद्या सगळ्यांनी सुई टोचून घेऊया."

"व्हय म्हाराजा."

इतकं एकमत त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर तेंडोलकर, स्पिरिटचा दिवा आणि एक कुत्रा एवढेच हजर होते. ते तणतणत धोंडूंकडे गेले. धोंडू नारळ सोलत होते.

"तुमी गाऱ्हाणा घातलात, आमी होकार दिलो," त्यांनी शांतपणे समजावलं. "आता फुडला देव बघतलो."

तेंडोलकर चिडले, पण हार मानणारे नव्हते. शेवटी तेही वेंगुर्ल्याचे, याच मालवणी मुलखातले. संध्याकाळी आरतीनंतर ते देवासमोर उभे राहिले आणि घरच्या बोलीत गरजले, "बा देवा म्हाराजा, जो कोण सुई टोचून घेवचो नाय, तेका जत्रेच्या दशावतारात संकासुर येवच्या आधी झोप लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळे बोलून गेले, आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. कॉलरा येईल तेव्हा येईल, पण सुरुवातीलाच येणाऱ्या संकासुरापासून वर्षाचं नाटक झोपेत घालवायचं म्हणजे काय? सकाळी ओसरीपासून माडांपर्यंत रांग लागली. शेवटची लस रांगेच्या टोकाच्या हौसाबाईंना मिळाली आणि तेंडोलकर स्वतः तेवढे राहिले.

जत्रेला मोठे साहेब जीपमधून नवी लस घेऊन मुद्दाम आले. दशावताराला दोघे पुढच्या खुर्च्यांवर बसले. राबून दमलेले तेंडोलकर संकासुर यायच्या आधीच घोरू लागले. साहेब भडकले. असल्या माणसाला कायम करायचं का, असं त्यांनी धोंडूंनाच विचारलं.

"रागावू नकात, सायबानू," धोंडू हळूच म्हणाले. "सगळ्या वाडयेत सुई न घेतलेलो ह्यो एकटोच. देवान दाखवल्यान. आता शेजारची वाडी पण उद्या टोचून घेवक येतली."

साहेबांना मघापासून जांभई येत होती. ती त्यांनी तोंडातच दाबली.

सकाळी ओसरीवर शेजारची वाडी खरोखरच आली. तेंडोलकर तोपर्यंत कायम झाले होते, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे, बाही वर करून, साहेब उभे होते.