संडासयोग

परुळेकर माणसाचा चेहरा कधी बघत नसत. हात बघत. तुम्ही त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचे असा की जिन्यात पहिल्यांदाच भेटलेले असा, त्यांची नजर आधी तुमच्या बोटांवर जायची, तिथून नखांवर, आणि वेळ उरलाच तर तुमच्याकडे. त्यामुळे चाळीतली निम्मी माणसं त्यांना तोंडावरून ओळखू येत नसत. एकदा मी त्यांना बाजारात हाक मारली, तर हा कोण बुवा, अशा नजरेने बघत राहिले. मी हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "अरे, तुम्ही होय! शाईचा डाग अजून गेला नाही वाटतं."

परुळेकर म्युनिसिपालटीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. उपनगरं नुकतीच मुंबई शहराला जोडली होती. त्याचा जोगेश्वरीला झालेला पहिला फायदा म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीत परुळेकर राहायला आले. दुसरा फायदा अजून व्हायचा होता. गृहस्थ वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीला टेकलेले आणि एकटे. खाकी अर्धी पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर हॅट. घरात साबण तीन प्रकारचे आणि खुर्ची एक. पाहुणा आला की खुर्ची पाहुण्याला आणि साबणही पाहुण्याला. हात धुतल्याशिवाय चहा मिळत नसे, आणि धुण्याची पद्धत चुकली तर परत मोरीकडे रवानगी व्हायची. आमच्या चाळीत फुकटचा चहा सोडणारी माणसं नव्हती, पण त्यांच्याकडचा सोडत.

चाळीत 'संडास' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पुरुष 'जरा जाऊन येतो' म्हणत. बायका तेवढंही म्हणत नसत, नुसतं डबडं उचलत. परुळेकर मात्र हा शब्द खणखणीत उच्चारत, आणि तोही कुठेही. सत्यनारायणाच्या पूजेला त्यांना कुणीतरी भिडेखातर दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, हॅट काढली आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आपला संडास." पुढे ते बराच वेळ बोलले. भाषण मुद्देसूद झालं. शिरा मात्र बराच उरला.

त्यांच्या हात बघण्यातून जो घोटाळा झाला त्याची सुरुवात आमच्याच घरातून झाली. माझे सासरे मुलुंडहून आमच्याकडे राहायला आले होते. परुळेकर सहज डोकावले, त्यांनी सासऱ्यांचा उजवा हात उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "आठवडा संपायच्या आत पोट बिघडणार."

आठवडा संपायच्या आत सासऱ्यांचं पोट बिघडलं. खरं म्हणजे त्यांची नखं वाढलेली होती, आणि अंगणातली माती उकरून झाल्यावर ते त्याच हातांनी भुईमुगाच्या शेंगा खात बसले होते. पण हे कारण त्यांना फार साधं वाटलं. बरे झाल्यावर ते परुळेकरांच्या पाया पडायला गेले.

"अहो, मी ज्योतिषी नाही!" परुळेकर ओरडले. "जंतू असतात, जंतू!"

"खरा जाणकार असंच म्हणतो," सासरे म्हणाले.

महिन्याभरात मुलुंडपासून अंधेरीपर्यंत सासऱ्यांच्या नात्यातली माणसं परुळेकरांच्या दारात तळहात पसरून उभी राहू लागली. परुळेकर प्रत्येकाला खडसावून साबण देत. लोक तो प्रसाद म्हणून घरी नेत आणि देव्हाऱ्यात ठेवत, वापरत नसत.

पुढे माझ्या मेहुणीसाठी घाटकोपरचं स्थळ बघायला जायचं ठरलं, तेव्हा सासऱ्यांनी हट्टाने परुळेकरांना बरोबर घेतलं. आम्ही मुलाचं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. परुळेकर मुलाची नखं न्याहाळत होते. चहा आला तसे ते उठले आणि मागच्या दारी गेले. बराच वेळ आले नाहीत. मुलाची आई अस्वस्थ झाली. शेवटी ते परत आले, हात पुसत म्हणाले, "दाराला आतून कडी आहे, खिडकी उंचावर आहे, उतारही बरोबर. मुलगी सुखात राहील." त्यावर लग्न ठरलं. मेहुणी अजून सुखात आहे, हेही इथे नोंदवतो.

असा हा गृहस्थ. म्युनिसिपालटीने वाड्यावाड्यांना पक्के संडास बांधून द्यायची योजना काढली आणि आमच्या भागाची जबाबदारी परुळेकरांवर टाकली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. पहिली वाडी निवडली ती जोगेश्वरीच्या गुंफांमागची. गिरणीत कामाला जाणाऱ्या, रत्नागिरीकडून आलेल्या माणसांची वस्ती. पुरुष मंडळी केव्हाही कुठेही जात. बायका उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर ओढ्यापलीकडच्या गवतात जात. मधला सगळा दिवस त्यांना ती सोय नव्हती.

सहा संडास बांधून झाले. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आतून कडी. परुळेकर दर रविवारी लोकांना समजवायला जात आणि मला ओढून नेत, कारण सामान उचलायला दुसरं कुणी नव्हतं. घाण हातातून कशी पसरते हे दाखवायला त्यांनी एक युक्ती काढली. उजव्या तळव्याला ओली हळद फासायची आणि मग तांब्याला, दोराला, दाराच्या कडीला, पोराच्या गालाला हात लावत हिंडायचं. जिथे हात तिथे पिवळा डाग. "बघा! हे सगळं तुमच्या पोटात जातं," ते सांगत होते. बायका फार खूश दिसल्या. मला वाटलं, जमलं. पुढच्या रविवारी त्या नटूनथटून आल्या. ताटात कुंकू, खण, नारळ. पुरुष असून हळदीकुंकू करणारा साहेब त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"वाट लागली," मी म्हटलं.

"नारळ घ्या," परुळेकर म्हणाले. "पण हात धुऊन फोडा."

संडासांचं काय झालं होतं ते त्याच दिवशी कळलं. एकात शेळ्या होत्या, दोहोंत गोवऱ्या, एकात कुणाचं तरी मोडकं कपाट. पाचवा धोंडाबाईने घेतला होता. धोंडाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात वडीलधारी बाई, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. तिने आत तांदळाचं पोतं आणि लग्नातली ट्रंक ठेवून भिंतीवर गणपतीची तसबीर लावली होती. अख्ख्या वाडीत न गळणारी खोली तेवढीच होती, आणि कुलूपही लागत होतं. परुळेकरांनी दाराशी बूट काढले आणि मग आत डोकावले. सहाव्याकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

"धोंडाबाय, हा संडास आहे," ते अजिजीने म्हणाले.

"हाय की. पन इतक्या झकास खोलीत कोन बसंल, दादा? आन घराच्या पुढ्यात असली घान? शी! आमी काय मानसं नाय?"

परुळेकर त्या दिवशी मान खाली घालून घरी आले. पावसाळ्याआधी वरचे साहेब पाहणीला यायचे होते. संडास वापरात दिसले नाहीत, तर पुढच्या कुठल्याच वाडीत बांधायचे नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? बदली मागा, बाजार तपासायचं काम घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. मला ती सवय नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही वाडीत पोचताच धोंडाबाई स्वतःहून पुढे आली. मागे तिची सून पारू, डोक्यावर पदर, पोटुशी. हात बघणाऱ्या साहेबाची कीर्ती वाडीपर्यंत पोहोचली होती. धोंडाबाईने सुनेचा हात धरून पुढे केला.

"बगा दादा. पोरगा हाय का पोरगी?"

मला पुढचं पाठ होतं. जंतू, साबण, मी ज्योतिषी नाही. पण परुळेकरांनी पारूचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. पारूने दुसऱ्या हाताने पदर आणखी पुढे ओढला.

"दिवसा पाणी पितेस का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

पारूने मान हलवली. नाही.

"जेवतेस पोटभर?"

धोंडाबाईच म्हणाली, "अर्धं पानात टाकती. दिवसाचं जायाचं कुठं, म्हून भ्येते."

परुळेकरांनी हात सोडला नाही. "धोंडाबाय," ते म्हणाले, "हिच्या हातात फुरसं दिसतं. अंधारात बाहेर पाठवशील तर बाई राहायची नाही."

फुरसं म्हणजे कोकणातला तो वीतभर विषारी साप. धोंडाबाई रत्नागिरीची, तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती पांढरी पडली. "मग दादा, जायाचं कसं वो हिनं? दिवसाउजेडी गवतात समदी बघत्यात."

"हिचा योगच तसा आहे."

"कसला योग?"

"संडासयोग," परुळेकर म्हणाले.

चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मीच दुसरीकडे बघितलं, नाहीतर हसून घात केला असता. धोंडाबाई मात्र उठली ती थेट पाचव्या खोलीकडे गेली. गणपतीची तसबीर तिने पदरात घेऊन घरी नेली, मागून ट्रंक गेली, पोतं गेलं. तिने शेळ्यावाल्याला दिलेल्या शिव्या मला इथे लिहिता येणार नाहीत.

परतताना मी त्यांना सोडलं नाही. "काय परुळेकर? ज्योतिषाला एवढ्या शिव्या घालता, आणि शेवटी फुरसं? वर संडासयोग!"

ते चालत राहिले. मग एकदम त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले, "खोटा बोललंय. माका ठाऊक आसा."

आणि सांगितलं. त्यांची थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाणी घोट घोट प्यायची, ताटातलं अर्धं टाकायची. आईला वाटायचं, डोहाळे. ती दिवसभर अंधार पडायची वाट बघायची आणि मग बांधापलीकडे जायची. एका संध्याकाळी परत आली ती पाय धरूनच, फुरसं चावलं होतं. वैद्य आला, मांत्रिक आला. पोटातल्या जिवासकट गेली.

"सगळे म्हणाले, प्रारब्ध," परुळेकर म्हणाले. "प्रारब्ध कसला? चार भिंती नाय होत्यो, इतक्याच."

एवढी वर्षं आम्ही ज्या माणसाच्या पाठीमागे नाक मुरडत होतो, त्याला मी त्या दिवशी नमस्कार केला. हात न धुता केला, पण ते काही बोलले नाहीत.

साहेब येऊन गेले, खूश झाले, पुढच्या वाड्या मंजूर झाल्या. ही बातमी सांगायला आम्ही वाडीत गेलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बायका ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, पोरं खेळत होती. तेवढ्यात पारू घरातून बाहेर आली. हातात पाण्याचं डबडं. ओट्यावरच्या बायकांशी एक-दोन शब्द बोलली, सावकाश चालत खोलीपर्यंत गेली आणि आत शिरून कडी लावली. कुणी मान वर करून बघितलं नाही.

परुळेकर मात्र चटकन पाठ फिरवून उभे राहिले. हॅट त्यांनी छातीशी धरली होती. मी बघितलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"भर उनात गेली हो," ते म्हणाले. "आमच्या आक्काक असा उजेडात जावक कधी गावला नाय."