मायाप्पाच्या गाडीचा टप

मायाप्पाच्या जुन्या ॲम्बेसेडरला टप नव्हता. हुलसूरच्या नवरदेवांना उंच बाशिंग बांधून गाडीत उभं राहायची भारी हौस, म्हणून त्यानंच तो मागे कापून काढला होता. वरात असली की गाडी नवरदेवाची. एरवी दुपारचं जेवण झालं की ती मायाप्पाची. मागच्या सीटवर तो उताणा पडायचा आणि ढग सरकू लागले की त्याला वाटायचं, ढग आहेत तिथंच आहेत, चाललीय ती आपली गाडी. डिझेलचा थेंब न जाळता तो कुठं कुठं जाऊन यायचा. त्या सुखापायी त्याचा गाडीवर फार जीव.

नोंदणीची मुदत संपली, गाडी तपासणीला न्यावी लागली आणि परिवहन ऑफिसातल्या साहेबांनी त्याला खाडकन जागं केलं.

"अण्णा, कागदावर गाडीला टप हाय. इथं तर नुसतं आभाळ दिसायलंय."

"त्येच तर बघायला ठेवलंय, साहेब."

"टप बसवून आणा. न्हाईतर नोंदणी रद्द, गाडी भंगारात."

भंगार म्हटल्यावर मायाप्पानं गाडी तशीच घराकडं वळवली. नशिबानं टप घरीच होता. बायकोनं, रेणुकाबाईनं, तो परसातल्या करडांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून घातला होता.

"टप कामून काढायलात? करडं कुठं बसतील?"

"तपासणीपुरतंच गं. शिक्का पडला की परत कापतो."

टप गाडीला जोडला गेला. पण करडांचा जन्मच त्या टपाखाली झालेला. सांजच्याला चरून आली ती थेट गाडीत शिरली आणि सीटखाली निवांत झोपली. सकाळी मायाप्पा आपल्याच तंद्रीत निघाला. वाटेत मागून बें बें ऐकू आलं, तर त्याला वाटलं, नवा जोड कुरकुरायलाय.

साहेबांनी दार उघडलं. करडं उतरली, ऑफिसभर एक फेरफटका मारून आली आणि परत टपाखाली जाऊन बसली.

"ही कोण?"

"घरमालक, साहेब. टप ह्येंचाच हाय."

साहेबांना हसू आवरेना. शिक्का मात्र मारला. "पण अण्णा, टप परत कापलात तर गाडी गेलीच समजा. लग्नसराईत माझं लक्ष राहील."

गाडी वाचली, पण नवरदेव यायचे बंद झाले. करडं काही गाडी सोडेनात; बिनछपराच्या गोठ्याकडं तर ती बघायलाही तयार नव्हती.

एका दुपारी रेणुकाबाई जेवणाची ताटं घासून बाहेर आली. मागच्या सीटवर करडं रवंथ करत होती. नवऱ्याचा पत्ता नव्हता. शोधत ती परसात गेली, तर मायाप्पा गोठ्यातल्या कडब्यावर उताणा पडलेला.

"अवो, इथं काय करायलात?"

"हळू बोल. बसवकल्याण आत्ताच मागं पडलंय."

रेणुकाबाईनं कपाळाला हात लावला. मग वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. ढग आहेत तिथंच होते.

"सरका जरा," ती शेजारी टेकत म्हणाली. "वाटंत तुळजापूर लागतंय का?"