भोंगूबाईचा पंखा

"बिल नाही, वायरमन नाही, आणि वीज जायची भानगडच नाही! कारण ती आपल्याला कुणी पाठवणारच नाही, आपली आपण तयार करायची!" सूनबाईने पदर खोचून जाहीर केलं.

"सामानाच्या खोलीत दिवा लावायचाय की उपग्रह सोडायचाय?" नवऱ्याने विचारलं.

सूनबाईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. कॉलेजात फिजिक्स घेतलेल्या बाईने कॉमर्सवाल्याच्या तोंडी लागू नये, हे ती लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

बागेच्या टोकाला कुदळी, कुंड्या आणि खताची पोती ठेवायची पत्र्याची खोली होती. तिथवर घराची वायर पोचत नव्हती आणि सूनबाईला नेमकी तीच खोली हवी होती. सोलरचे दिवे-पंखे विकणाऱ्या एका कंपनीत तिने अर्ज केला होता. काम घरूनच, ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवायच्या. अट एकच: बसायला शांत खोली हवी, मागे आवाज नको.

आणि घरात तर भोंगूबाई!

भोंगूबाई म्हणजे सूनबाईची सहा महिन्यांची मुलगी. बारशाला ठेवलेलं नाव सुंदरच होतं, पण तिच्या रडण्यापुढे ते कुणाच्या लक्षात राहीना. ती रडायला लागली की शेजारचे लोक घड्याळ जुळवून घेत. मांडीवर नाही, झोळीत नाही, बाबागाडीत नाही, ती झोपायची कुठेच नाही! चुकून डोळा लागलाच, तर सूनबाई तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासायची आणि त्या बोटाने ती जागी व्हायची. रडली की का रडली, गप्प झाली की का गप्प झाली. सूनबाईची काळजी दोन्ही पाळ्यांत कामावर असे.

तर सूनबाईने खोलीच्या छपरावर एक छोटं सोलर पॅनेल चढवलं. स्कूटरची जुनी बॅटरी बाहेर भिंतीलगत, बाळाचा हात पोचणार नाही अशा झाकणाच्या पेटीत ठेवली. फ्यूज दोन लावले, एक वायरसाठी आणि एक स्वतःच्या मनासाठी. आत एलईडीची पट्टी चिकटवली आणि हवा खेळती राहावी म्हणून मोडक्या कॉम्प्युटरमधला टीचभर पंखा बसवला. बटण दाबलं. खोली उजळली. पंखा फिरला.

खर्रर्र-टक! खर्रर्र-टक!

"हा पंखा आहे की सुपारी कातरायचं मशीन?" नवरा म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या कडेवरच्या भोंगूबाईने भोकाड पसरलं. म्हणजे पसरायला तोंड उघडलं. खर्रर्र-टक. तोंड तसंच राहिलं. खर्रर्र-टक. डोळे मिटले. मान खांद्यावर पडली.

"अगं, ही... ही काय करतेय?"

"झोपली," सूनबाई कुजबुजली.

"कोण?"

"आपली!"

"आपली? नीट बघ, दुसऱ्या कुणाची उचलून आणली नाही ना मी?"

त्या दिवशी भोंगूबाई संध्याकाळपर्यंत झोपली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सूनबाईची शांत खोली अशा रीतीने सहा महिन्यांच्या भाडेकरणीने बळकावली. पण बिघडलं काहीच नाही! भोंगा बागेत गेल्यावर अख्खं घरच शांत झालं. सूनबाईला आता कुठल्याही खोलीत काम करता आलं असतं.

मग त्या पंख्याची बडदास्त सुरू झाली. सासूबाई रोज स्टुलावर चढून पॅनेल पुसायच्या, आणि तेही नव्या चष्म्याच्या कापडाने! नवऱ्याने सावली पडते म्हणून जास्वंदीची फांदी तोडली आणि ढग आला की तो त्याच्याकडे वसुलीला आल्यासारखा बघत उभा राहायचा. मोबाइल कुणी त्या बॅटरीवर लावला, तर सूनबाई अशी धावून जायची की विचारू नका.

घरात एकच माणूस या पंख्यावर नाराज होता. सासरे, म्हणजे नाना. नानांचा सारा जन्म छापखान्यातली मशीनं सांभाळण्यात गेला होता. मशीनने आवाज केला की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. निवृत्त झाल्यापासून ते तेलाची कुपी घेऊन घरभर फिरत. दारं, कात्र्या, छत्र्या, बाबागाडी, कशालाच त्यांनी सोडलं नव्हतं. जे दार कुरकुरत नव्हतं त्यालाही ते तेल घालत. म्हणे, त्याच्या मनात यायच्या आत!

मुलाखतीचा दिवस उजाडला. चार वाजता कंपनीच्या मॅडम फोन करणार होत्या. भोंगूबाईला साडेतीनला खोलीत झोपवायचं, चारला सूनबाईने घरात फोन घ्यायचा, असा बेत होता. सूनबाई बाळाला घेऊन खोलीत गेली. बटण दाबलं.

काहीच नाही.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. नुसता फिरत नव्हता, भिरभिरत होता! पण आवाज? टाचणी पडली तर ऐकू आली असती.

दारात नाना उभे. चेहऱ्यावर असं समाधान, जणू नातीचं लग्न लावून दिलंय!

"आज तुझी मुलाखत ना? म्हटलं, सूनबाईला काहीतरी भेट द्यावी. सगळा उघडून साफ केला आणि तेल दिलं. बघ कसा लोण्यासारखा चालतोय!"

"नाना!" सूनबाई एवढंच म्हणू शकली. कारण पुढचं सगळं भोंगूबाई म्हणाली.

घर गोळा झालं. नवऱ्याने तोंडाने "खर्रर्र-टक" करून पाहिलं. भोंगूबाई क्षणभर थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि दुप्पट जोराने रडली. सासूबाईंनी किसणीवर चमचा घासला. शेवटी बाळ नवऱ्याकडे देऊन सूनबाई स्टूल ओढून पंख्यापाशी चढली, आणि नेमका कमरेला खोचलेला फोन वाजला. मॅडम पाच मिनिटं आधीच!

"नमस्कार! आता बोलता येईल ना? शांत जागी आहात?"

"हो, अगदी शां..."

"ट्यांऽऽऽ!" भोंगूबाई.

"हे काय होतं?"

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. हातचं काम जाणार, हे सूनबाईला दिसत होतं. पण समोर लेक लालबुंद झाली होती.

"मॅडम, माझी मुलगी आहे. तिला पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही आणि आमच्या पंख्याचा आवाज बंद पडलाय. मला दोन मिनिटं द्याल?"

पलीकडून उत्तर आलं, "मी ऐकतेय. चालू द्या."

फोन कानाशी, एक हात भिंतीला. सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली, "नाना, तुमच्या पत्त्यांच्या जोडातलं एक पान आणा. पंख्याच्या जाळीत असं अडकवायचं, की पात्यांना कोपरा लागेल."

नाना मागे सरकले. "चालत्या मशीनमध्ये पान घालू? माझ्या हातून हे पाप व्हायचं नाही!"

"नाना, तुमचं काम उत्तमच झालंय. इतका सुरेख पंखा मी दुकानातसुद्धा पाहिला नाही. पण आपल्या गिऱ्हाइकाला जुना माल हवाय, त्याला आपण काय करणार? आधी बटण बंद करा. हां. आता पान अडकवा. बोट लांब ठेवा. आता चालू करा."

टकटकटकटकटक! टांगा उधळल्यासारखा आवाज! तेल प्यायलेला पंखा नको तेवढा पळत होता. भोंगूबाईने छप्पर डोक्यावर घेतलं.

"अगं, हा कमी कसा करायचा? बटण तर एकच आहे!" नवरा ओरडला.

"घाबरू नकोस. ऊन कडक आहे, आपली म्हातारी बॅटरी त्याच्याच जोरावर पळतेय. आई, पॅनेलवर चादर टाका!"

"अगं, रोज पुसते मी ते! त्यावर चादर?" सासूबाई कळवळल्या.

"उद्या परत पुसू, आई. आजचा दिवस झाका."

सासूबाई जड मनाने बाहेर आपल्या रोजच्या स्टुलावर चढल्या. चादर पडली. पंखा हळूहळू दमला. टकटकटक... टक-टक... खर्र-टक... खर्रर्र-टक.

भोंगूबाईने एक हुंदका दिला, अंगठा तोंडात घातला आणि झोपली.

चौघांनी एकदम श्वास सोडला. मग सूनबाईला आठवलं, फोन चालूच आहे!

"मॅडम..." ती म्हणाली. "तुमच्या अटीत बसणार नाही, मला कळतंय. मधूनमधून मला इथे धावत यावं लागणार, हा आवाज मागे येणारच."

"मुलीशिवाय मागे कोण कोण होतं?"

"नवरा, सासूबाई, सासरे."

"आणि पंखा ज्यांनी बिघडवला, म्हणजे दुरुस्त केला..."

"ते सासरे."

"आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडला नाहीत!" कागदाचा आवाज आला. "दिवसभर आमच्याकडे असेच फोन येतात. सोमवारपासून या. म्हणजे येऊ नका, तिथेच बसा."

"पण तो आवाज?"

"असू दे की. गिऱ्हाइकाला वाटेल, कंपनीतला निदान एक पंखा तरी चालतोय!"

फोन बंद झाला. सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सांगायला तोंड उघडलं, पण भोंगूबाई हातभर अंतरावर! सूनबाईने दोन्ही हात हलवून ‘मिळाली’ अशी खूण केली. नवऱ्याला ती ‘गेली’ अशी दिसली आणि त्याचा चेहरा पडला.

"जाऊ दे गं," तो तिच्या कानात कुजबुजला. "दुसरी नोकरी मिळेल. तू पड जरा. स्वयंपाक, भांडी, सगळं मी बघतो."

"माझंच चुकलं," नाना पुटपुटले. "कपडे मी धुतो."

सूनबाई "अहो, ऐका तरी..." म्हणायला गेली, खताच्या पोत्याला टेकली, आणि तिला कळायच्या आत तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते आणि ओट्यावरून भांड्यांचा आवाज येत होता. बातमी तिने लगेचच सांगितली असती. पण कढई अजून घासायची राहिली होती, म्हणून ती जरा थांबली.