पिशवीवाल्यांचे परबकाका

मे महिन्यात, जोगेश्वरीच्या उकाड्यात, गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, आणि दर शनिवारी पाहते. पंखा पाचवर, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि गळ्यात चॉकलेटी-पिवळ्या पट्ट्यांचा जाडजूड मफलर. दुपार व्हायच्या आत त्या घरातून एक आरोळी येते, ‘गेले! परत गेले मेले!’

ही आरोळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चप्पल न घालता धावले होते. वाटलं, परबकाकांच्या घरी नक्की कोणीतरी गेलं. गेले होते ते ऑस्ट्रेलियातल्या एका फुटबॉल क्लबचे अठरा खेळाडू. मॅच हरून.

परबकाका म्हणजे आमच्या समोरच्या दारातले. मूळचे मालवणकडचे, मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगा नीलेश मेलबर्नजवळच्या एका गावात, गोदामात कामाला. त्याच गावचा हा क्लब, मफलरही त्याच्याच रंगांचा. लहानसा. मॅच इंटरनेटवर फुकट दिसते, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यात एक कॅमेरा उभा असतो आणि वारा सुटला की त्याच्यासमोर झाडाची फांदी येते. क्लबचं चिन्ह पेलिकन, चोचीखाली पिशवी असते ना, तो पक्षी. काकांनी पेलिकनच्या भानगडीत न पडता सरळ ‘आमचे पिशवीवाले’ असं नाव देऊन टाकलं. आता बिल्डिंगमधे सगळेच तसं म्हणतात. वॉचमनसुद्धा शनिवारी विचारतो, ‘काका, आज थैलीवाले कितने से हारे?’ जिंकले का, असं तो कधीच विचारत नाही.

हा फुटबॉल आपला फुटबॉल नव्हे. बॉल लांबुळका, शहाळ्यासारखा. तो हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचं, अधूनमधून एकमेकांच्या अंगावर चढायचं. मैदानाच्या टोकाला गोलाची जाळीच नाही, नुसते चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा मार्क. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक.

या एका मार्कावर काकांचा फार जीव. ‘चुकला तरी एक मार्क! सांग मगे मंजू, जगात खंयच्या खेळात चुकल्याबद्दल मार्क गावता?’ हे ते मला सांगतात, दूधवाल्याला सांगतात, एकदा लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगत होते. तो बिचारा दोन मजल्यांच्या मधे अडकला होता, त्यामुळे त्याने पूर्ण ऐकलं.

पिशवीवाल्यांचा बराचसा स्कोअर या एकेका मार्काचाच असतो.

दर वर्षी सीझन सुरू होताना क्लबकडून जाहीर होतं की यंदा ‘रिबिल्डिंग’ चालू आहे. जुने खेळाडू काढायचे, नवे घ्यायचे, संघ पायापासून उभा करायचा. मी विचारलं, ‘काका, हे कधीपासून चाललंय?’

‘आपल्या बिल्डिंगीचा रिडेव्हलपमेंट कधीपासून चाललाहा?’

आमच्याकडेही दर वर्षी नवा बिल्डर येतो, पेढे वाटतो, मॉडेल दाखवतो आणि जातो.

तर असे हे काका आमच्या सोसायटीच्या गणपतीत गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात केलेली मागणी. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गेल्या गणपतीत काका नारळ हातात घेऊन उभे राहिले.

‘बा देवा म्हाराजा! ह्या बिल्डिंगीतल्या पोराटोरांनी तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘कोणाची नोकरी अडली आसात, कोणाचा लगीन अडला आसात, तर ता मार्गी लाव म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘लिफ्टीक काय इडापिडा आसात तर ती दूर कर म्हाराजा!’

याला सगळ्यात मोठा आवाज आला.

‘आणि थंय सातासमुद्रापलीकडे आमची जी पोरां मैदानात उतरतत, त्यांचो बॉल मधल्या दोन खांबांच्या मधसून जावंदे म्हाराजा!’

अर्ध्या लोकांना काही कळलं नाही, पण ‘व्हय म्हाराजा’ दणकून झालं. दुसऱ्या मजल्यावरचे शाहभाई मला हळूच म्हणाले, ‘ऑस्ट्रेलियामधे कोणाची परीक्षा हाय?’

मी म्हटलं, ‘तसंच समजा.’

या सगळ्याला बिल्डिंगने ‘काकांचं वेड’ असं नाव देऊन फाइल बंद केली होती. मीही. मग यंदाच्या पावसाळ्यात एका रविवारी काकांनी माझी बेल वाजवली. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मफलर.

‘मंजू, वायच ये गो. क्लबाची मीटिंग आसा. व्हिडिओवर. माझा इंग्लिश मधेच संपता, तू बाजूक बस.’

पिशवीवाले ओळीने हरत चालले होते आणि पाठीराख्यांनी त्यावर चर्चा ठेवली होती. काकांच्या टीव्हीवर पंधरा-वीस चौकोनी चेहरे आले. कोणी स्वयंपाकघरात, कोणी गाडीत. एका काळ्या चौकोनावर नुसतं ‘नीलेश’ असं लिहिलेलं होतं. कॅमेरा बंद.

अध्यक्ष ग्रेग नावाचे एक दाढीवाले गृहस्थ होते, नळदुरुस्तीचा धंदा करणारे. त्यांनी सुरुवातच केली की कोच बदलून काही होणार नाही, आपल्या क्लबात ‘लूझिंग कल्चर’ मुरलंय.

काकांनी मला कोपर मारलं. ‘कल्चर म्हणजे?’

‘संस्कृती.’

‘हरूची संस्कृती?’ काकांनी टीव्हीकडे असं पाहिलं, जणू ग्रेगसाहेबांनी देव्हाऱ्यावर चप्पल ठेवली. ‘संस्कृती चांगली वस्तू आसा गो.’

चर्चा तापली. मॉरीन नावाच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, मुलं अजून शिकतायत, वेळ द्या. गाडीतला माणूस म्हणाला, वेळ देऊन देऊन मी म्हातारा झालो. कोणी म्हणालं, मुलं हरल्यावर हसत बाहेर येतात, हे बरोबर नाही. कोणी म्हणालं, मग काय रडत यायचं? मला आमच्या सोसायटीच्या सभेची आठवण येत होती. फरक एवढाच की इथे एका वेळी एकच जण बोलत होता.

शेवटी ग्रेगनी ठराव मांडला. मॅचनंतर क्लबच्या शेडमधे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, खेळाडू आणि पाठीराखे, सगळ्यांचं. ग्रेग म्हणाले, हरलो तरी तेच जेवण, तीच मजा. मग जिंकायचं कशाला? यापुढे हरलो तर जेवण बंद. सरळ घरी जायचं. बोचलं पाहिजे.

दोनतीन माना हलल्या. काकांनी हात वर केला. खरा हात, शाळेत करतात तसा.

‘हॅलो. आय ॲम परब. फ्रॉम जोगेश्वरी.’

‘गो अहेड, मिस्टर परब,’ ग्रेग म्हणाले.

‘मिस्टर ग्रेग, सपोज, युवर सन लॉस्ट. ओके? ही कम्स होम. यू से, नो फूड?’ काका थांबले. ‘व्हॉट काइंड ऑफ कल्चर इज धिस?’

काकांचं इंग्लिश संपलं होतं, पण बोलणं संपलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. ‘त्यांका सांग, हरून इलेल्या पोराक पयला जेवूक वाढूचा. ओरडूचा काय ता मागसून. आणि थंय नुसती खेळणारी पोरां जेवूक येनत नाय. घरात एकटी आसतत ती पण येतत. हरले त्या दिवशी तर त्यांनी येवकच होया.’

मी इंग्लिशमधे सांगितलं. काका म्हणतात, हरून आलेल्या मुलाला आधी जेवायला वाढायचं, ओरडायचं ते नंतर. आणि त्या शेडमधे घरी एकटी असणारी मुलंही येतात. हरल्याच्या दिवशी तर त्यांनी यायलाच हवं.

मॉरीनबाईंनी टाळी वाजवली. गाडीतल्या माणसाने गॉगल काढला. ग्रेगनी दाढी खाजवली आणि ते म्हणाले, ठीक आहे, जेवण राहू द्या, कोचचं बघू. काळ्या चौकोनातून कसलाच आवाज आला नाही.

मीटिंग संपली. मी चहा टाकला. काका मफलर काढून घडी घालत होते.

‘काका, खरं सांगा. ते जिंकावेत असं वाटतं की नाही तुम्हाला?’

काकांनी घडी मोडली, परत घातली. काका मजेत असले की मालवणीत असतात आणि मनातलं सांगायचं असलं की अचानक पुस्तकी मराठीत येतात. तसे ते आले.

‘वाटतं गं. का नाही वाटणार? पण जिंकले की तो “जिंकलो बाबा” म्हणतो आणि फोन ठेवतो. मित्रांबरोबर जायचं असतं. जाऊ दे, मजा करू दे. हरले की मात्र तासभर बोलतो. कोण कुठे चुकला, कोणी बॉल सोडला. मी सगळं पाहिलेलं असतं, तर मीही बोलतो.’ चहाच्या पातेल्याकडे बघत ते म्हणाले, ‘ही होती तेव्हा फोन यायचा. मी उचलायचो. “जेवलास?” “जेवलो.” “थांब, आईकडे देतो.” इतकी वर्षं एवढंच बोललोय आम्ही. ती गेल्यावर पहिला फोन आला, तेव्हा मी “जेवलास?” विचारलं. तो “जेवलो” म्हणाला. मग दोघंही थांबलो. द्यायला कोणी नव्हतंच ना. बराच वेळ फोन नुसता चालू. मग तोच म्हणाला, बाबा, इथे एक क्लब आहे, आज फार वाईट हरला.’

चहा उतू गेला. मी गॅस पुसत राहिले, कारण काहीतरी करायला हवं होतं.

पुढे काही आठवड्यांनी, सीझन संपता संपता, ते घडलं. शनिवारी आरोळी आली नाही. मी वाट पाहिली, शेवटी स्वतःच दार ठोठावलं. काका टीव्हीसमोर उभे होते. पडद्यावर चॉकलेटी-पिवळी मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती.

‘जिंकले?’

‘जिंकले,’ काका म्हणाले. चेहरा असा, की अभिनंदन करू की धीर देऊ, ते मला कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. ते नेहमीच टाकतात.

‘बाबा! जिंकलो!’ नीलेशच्या मागे गोंगाट, गाणी.

‘बघितला. शेवटचो गोल झकास.’

‘हो ना! कसला मारला!’

‘व्हय.’

‘हं.’

आणि पुढे काही नाही. मागची गाणी तेवढी ऐकू येत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडी परीक्षेत अडकलेल्या पोरासारखं. मी हातानेच खुणावलं, बोला ना, काहीही बोला.

‘अरे,’ काका म्हणाले, ‘काल बांगडे आणलंय. करपले.’

‘आं?’

‘तळूक घेतलंय. वरसून कोळसो, आत कच्चे.’

नीलेश हसला. बहुतेक तो चालत बाहेर आला असावा, कारण मागची गाणी बारीक होत गेली. ‘तवा तापू दिला नसेल तुम्ही. तळायच्या फंदात पडूच नका बाबा. तिखलं करा, नुसतं शिजवायचं. ते बिघडत नाही.’

‘तिखला? तुका खंय येता?’

‘आईने शिकवलं. फोनवर. मी रविवारी इकडे गॅसपाशी उभा, ती तिकडे. मिरची-हळद कालवा, कोकम टाका. तिरफळं शेवटी, जरा ठेचून. बिया काढा हां, नाहीतर कडू होतं.’

काका हळूच खुर्चीत बसले. ‘बिया काढायच्या,’ ते म्हणाले. ‘माका म्हायतच नाय. तीस वर्षां खाल्लंय.’

‘पाणी कमी ठेवा. अंगाबरोबर. आता करताय? मी थांबतो फोनवर.’

‘तुझे मित्र?’

‘असू देत हो. सांगतो, आधी पातेलं घ्या.’

मी पाय न वाजवता दाराशी आले. दार ओढून घेणार, एवढ्यात आतून भांड्यांची आदळआपट झाली आणि काकांची हाक आली.

‘मंजू! तिरफळां आसतली काय गो तुझ्याकडे?’

होती की नाही, आठवत नव्हतं. ‘आणते,’ म्हटलं आणि घरी जाऊन मसाल्यांचा एकेक डबा उघडायला लागले.