ताठ कानाचा तपास

"माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही," असं आमचे हे रोज आरशाला सांगतात. मी साहाय्यक, त्यामुळे मलाही ऐकावं लागतं. हे गुप्तहेर आहेत. इतके गुप्त, की अजून कुणाला पत्ताच लागलेला नाही.

पोटासाठी आम्ही मागच्या खोलीत साच्यांतून प्लास्टरचे कुत्रे काढतो. ओततात सासूबाई, रंगवते मी. सासूबाई लेकीकडे गेल्या आणि ओतकाम यांच्या हाती आलं. नेमकं तेव्हाच कोपऱ्यावरच्या चावीवाल्या काकांचं काम होतं. त्यांचा कुत्रा गेला होता, आणि त्यांना हुबेहूब तसाच प्लास्टरचा हवा होता. त्याचा डावा कान पडलेला, उजवा खुंटीसारखा ताठ. काका त्या कानावर चाव्यांचा जुडगा अडकवायचे आणि तो पठ्ठ्या न हलता बसून राहायचा.

"बाकी कसाही होऊ दे गं," काका म्हणाले होते, "तो कान तेवढा हवा."

साचा उघडला. कुत्रा झकास, ताठ कान गायब! दुसरा ओतला, तिसरा ओतला, तेही तसेच. आणि काका उद्या येणार.

"चोरी!" हे गरजले. "चोर कुत्रा ठेवतो आणि कान नेतो. याचा अर्थ?"

"काय?"

"त्याला कमी ऐकू येतं!"

शेजारच्या आजोबांची कसून चौकशी झाली. त्यांना एकही प्रश्न ऐकू न आल्यामुळे संशय बळावला. मग उंदरांवर आळ आला. मग यांना जमिनीवरच्या पांढऱ्या भुकटीत पावलं सापडली.

"नीट बघ," हे भिंगातून म्हणाले. "बदमाश माझ्याच मापाच्या चपला घालतो!"

"तुमच्याच असतील."

"तेच त्याला भासवायचंय!"

तेवढ्यात सासूबाई परतल्या. एककानी रांग बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"माझी विणायची सुई कुठंय?"

"तिचा इथं काय संबंध, आई?"

"अरे, साचा उलटा असतो, कान तळाशी. टोकात हवा अडकते. सुई घालून ती मोकळी केली की प्लास्टर टोकापर्यंत पोचतं. हवा तुझ्या डोक्यातही आहे, पण तिथं सुई चालत नाही."

यांनी पुराव्यांची पेटी उघडली. आत चिठ्ठी लावलेली सुई: 'उशी फाटल्याचे प्रकरण. घातक हत्यार. जप्त.'

"म्हणजे चोर हवाच!" हे लगेच सावरले. "तरीच कुणाला दिसला नाही!"

दुसऱ्या दिवशी काका आले. रंगवलेल्या कुत्र्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून जुडगा काढून हलकेच त्या कानावर अडकवला. चाव्या जराशा झुलल्या आणि थांबल्या.

"हलू नकोस हां," काका त्याला म्हणाले.

 यांनी घसा खाकरला आणि खिशातून भिंग बाहेर काढलं.

सासूबाईंनी नुसती सुई उचलली. भिंग परत खिशात गेलं.