नरहर सरांची एका झटक्याची गाठ

"माझी गाठ आहे ती! एका झटक्यात झेंडा नाही उघडला, तर नावाचा नरहर नाही!" असं सर चारचौघांत बोलून बसले आणि तिथंच फसले.

पांढरकवड्याजवळच्या शाळेत बत्तीस वर्षं झेंड्यात फुलं भरून गाठ बांधायची ती सरांनी, आणि दोरी ओढून टाळ्या घ्यायच्या त्या कुणातरी पुढाऱ्यानं! निवृत्तीनंतर यंदा पहिल्यांदाच सव्वीस जानेवारीचा मान सरांना मिळाला होता. सर नवा कोट शिवून बसले आणि नेमकी आठ दिवस आधी चक्कर सुरू झाली. मान वर केली की अख्खं घर गरगरायचं!

"कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलतीकडे शिरलेत," डॉक्टरांनी समजावलं. "घाबरायचं काम नाही. पलंगावरून मान खाली सोडायचा हा व्यायाम करा. तोवर वर बघू नका."

"मी काय मान लोंबकळत पडून राहू?" सर घरी येऊन फिस्कारले.

"अहो, मी सेकंद मोजते ना!" रजनीताई रोज घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या आणि सर रोज म्हणायचे, उद्या!

सव्वीस तारखेला गाठ सरांनी स्वतःच बांधली. खाली वाकताच डोकं फिरलं. वेढा मारला की नाही ते आठवेना, म्हणून आणखी दोन मारले. शिपाई खेमसिंगनं झेंडा वर चढवला.

"पाहुणे करतील तस्संच करायचं!" मुख्याध्यापिका अनघा मॅडमनी पोरांना बजावलं.

सरांनी मान खाली घालून दोरी ओढली. दोनशे पोरांनी माना खाली घातल्या! पोरांचं बघून गावकऱ्यांनीही घातल्या. वर झेंड्याचं गाठोडं तसंच!

"सर, झेंडा खुलून नाही राह्यला जी!" खेमसिंग कुजबुजला.

"ओढतोय ना!"

"काहून अडकला, वर पाहा ना जरा!"

"अहो, वर नका बघू!" पहिल्या रांगेतून रजनीताई ओरडल्या.

पण बत्तीस वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न! सरांनी वर पाहिलं मात्र, आभाळ, खांब, अनघा मॅडम, सगळंच फिरायला लागलं! सरांनी दोरीसकट खांबाला घट्ट मिठी मारली. त्या हिसक्यानं गाठ सुटली, झेंडा फडकला आणि फुलं थेट सरांच्या टकलावर! चक्करीनं सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"किती गहिवरले हो सर!" गावकऱ्यांनी डोळे पुसले. आणि पोरं? दोनशे पोरं एकमेकांना मिठ्या मारून उभी! त्यांना सोडवता सोडवता मॅडमचा घसा बसला.

राष्ट्रगीताला रजनीताई हळूच सरांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. त्या आधारावर सर सावधान उभे राहिले. आता मात्र ते खरोखरच गहिवरले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आणि लगेच वणीच्या एका शाळेतून फोन.

"सर, पंधरा ऑगस्टले आमच्याकडं याच! पण खांबाले मिठी नक्की मारा जी. पोरायची तालीम आतापासूनच घेऊन राह्यलो!"

सरांनी फोन ठेवला, मुकाट्यानं पलंगावर आडवे झाले आणि मान खाली सोडली.

"रजनी, मोज!"