सहानंतर चाकूर

कुणाच्याही घरून निघताना गफूरचाचा दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करतात. ती त्यांची डबल बेल. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. डबल बेल दिल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. एकदा मयताच्या घरून उठतानाही त्यांचं बोट चौकटीकडे गेलं होतं, पण वेळीच आवरलं. चार पाहुणे दारात घुटमळले, की चाचा मागून ओरडणार, "पुढं सरका, मधी लई जागा हाय!" आमची बैठकीची खोली दहा बाय दहाची आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

नांदेडला आमची घरं लागून, मधे एकच भिंत. त्यामुळे माझं रोजचं ओरडणं त्यांना फुकटात ऐकायला मिळायचं. माझी ओवी पहिलीत. तिची आयुष्यातली पहिली परीक्षा, तीही तोंडी, आठवड्यावर आली होती आणि बाईसाहेब पाचावरून थेट आठावर उडी मारत होत्या. मी समजावलं, चॉकलेट कबूल केलं, मग आवाज चढवला. परिणाम एवढाच झाला, की परीक्षेचं नाव काढलं तरी तिचं पोट दुखायला लागलं.

एका संध्याकाळी चाचा दारात उभे. "ताई, तुम्ही लई ओरडून राहिल्या. गाडी भरल्यावर अजून पाशिंजर कोंबायचे नसतात. पोरीला माझ्याकडं द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात खुर्च्या, पाट आणि उलट्या बादल्या मिळून दहा स्टॉप मांडले गेले. नांदेड-लातूर साधी गाडी. नांदेड एक, विष्णुपुरी दोन, सोनखेड तीन, लोहा चार, माळाकोळी पाच, अहमदपूर सहा, चाकूर सात, अशी थेट लातूरपर्यंत. चाचांची जुनी चामडी बॅग गळ्यात अडकवून ओवी एकेका स्टॉपवर ओरडायची. उलटे अंक म्हणजे परतीची गाडी. बेरीज-वजाबाकी म्हणजे लोह्याला चार चढले, माळाकोळीला दोन उतरले. "झोपलेल्यालाबी मोजायचं, बेटा. तोबी पाशिंजरच हाय," हा त्यांचा खास नियम. ओवीचं पोट दुखायचं थांबलं आणि मी निर्धास्त झाले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सहज उजळणी घेतली.

"सहानंतर काय?"

"चाकूर."

"अगं, आकडा सांग."

"चाकूरच! मग घरणी, मग आष्टामोड!"

माझं डोकंच फिरलं. तिला हाताला धरून तशीच चाचांच्या अंगणात गेले. "चाचा, मार्क शाळा देणार आहे, एसटी नाही! वाट लावलीत पोरीची."

"हाव. चुकलंच माझं," एवढंच म्हणून चाचा एकेक बादली उचलायला लागले. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं, पण मी रागात होते.

सकाळी ओवीला घेऊन शाळेत पोचले, तर गेटापाशी इस्त्रीचे खाकी कपडे घालून चाचा उभे. समोर ओवीच्या वर्गाच्या बाई. चाचा त्यांना सांगत होते, "बाई, पोरीनं गावाचं नाव घेतलं तर चूक तिची न्हाई. मार्क कापायचे तर माझे कापा."

बाई हसू दाबत ओवीला आत घेऊन गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली आणि म्हटलं, "पण चाचा, एवढ्या सकाळी यायची काय गरज होती?"

ते पायरीवर टेकले. "माझ्या शबानाची पहिली परीक्षा होती. म्हनली, अब्बा, गेटापर्यंत चला. मी म्हनलं, ड्युटी हाय. दहावीलाबी ड्युटीच. मग तिनं विचारायचंच सोडलं."

शबाना परभणीला दिलेली. चाचा तिच्याकडे जात नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चाचांना एकटं राहायला आवडतं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

तासाभरानं ओवी पळत आली. "बाईंनी सहानंतर विचारलं! मी मनात चाकूर म्हटलं आणि तोंडानं सात!" बाकी सगळं आलं होतं. फक्त, पाच चिमण्यांतल्या दोन उडाल्या तर किती उरल्या, यावर तिनं बाईंनाच विचारलं होतं, "झोपलेल्या धरून का?"

चाचा पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि खिशातला फोन माझ्या हातात दिला. "ताई, जरा शबानाला लावून द्या."

पहिल्याच रिंगला पलीकडून घाबरलेला आवाज आला, "अब्बा? काय झालं? तब्येत बरी हाय ना?" मी फोन पुढे केला, तर चाचा दोन पावलं मागे सरकले.

"तुम्हीच विचारा, ताई. माझा नातूबी पहिलीला हाय. त्याची परीक्षा कधी ते विचारा. म्हणा, अब्बा येतो म्हनतात. काही बोलणार न्हाईत, नुसते गेटापाशी उभे राहतील."

मी जसंच्या तसं सांगितलं. मग शबाना म्हणाली, "सोमवारी. सकाळी आठला. म्हणा, अब्बा, उशीर करू नका."